फिरती ग्रंथपेटी: शिक्षक, पालक आणि कार्यकर्ते यांचे नेहमीचे प्रश्न

गावोगावच्या शाळांतून पुस्तकं फिरवायचं काम हाती घेणाऱ्यांना जे प्रश्न पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या पहिली ते आठवीच्या शाळा डोळ्यांपुढे आहेत. आश्रमशाळा, नगरपालिकेच्या शाळा किंवा वस्तीवरचे अभ्यासवर्ग यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

फिरतं ग्रंथालय म्हणजे गाडी हवीच का?

नाही. गाडी मिळाली तर आनंद आहे, मुलांना तिचं अप्रूपही फार असतं. पण गाडीला डिझेल लागतं, चालक लागतो, विमा आणि दुरुस्ती लागते. यातलं एक अडलं की पुस्तकंही अडतात. बहुतेक ठिकाणी लोखंडी पेटी, झाकणाचा प्लास्टिकचा क्रेट किंवा जाड कापडाची झोळी पुरते. शिक्षक ती दुचाकीवर बांधून पुढच्या शाळेत पोचवतात.

रस्ता जसा असेल तसं वाहन निवडावं. केनियातल्या गारिसा भागात १९९६ पासून उंटांवरून पुस्तकं जातात. उत्तराखंडात नैनिताल जिल्ह्यातल्या कोटाबाग परिसरात २०२३ पासून घोड्यावरून पुस्तकं डोंगरातल्या गावांत पोचू लागली. आपल्याकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने २००९ पासून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत नेल्या आणि परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही त्या पोचवल्या. तो उपक्रम मुख्यतः मोठ्यांसाठी उभा राहिला, पण पेटी फिरवायची त्याची रीत शाळांनी जशीच्या तशी उचलावी अशी आहे.

गाडी आणि पेटी यांतलं एकच निवडायचं असेल तर मी पेटी निवडेन. दोन महिन्यांतून एकदा तासभर येणाऱ्या गाडीतून मूल घाईघाईने एखादं पुस्तक उचलतं. महिनाभर वर्गात राहणाऱ्या पेटीतलं पुस्तक ते चाळतं, परत ठेवतं, चार दिवसांनी पुन्हा काढतं. वाचनाची ओढ लागायला हा निवांतपणा लागतो.

शाळेत ग्रंथालय असतंच की. मग पेटी कशासाठी?

असायला हवं हे खरं. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं व गोष्टींची पुस्तकं असावीत, असं लिहिलेलं आहे. समग्र शिक्षा अभियानातून शाळेच्या स्तरानुसार ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे.

अडचण लहान शाळांची आहे. पंधरा-वीस पटाच्या द्विशिक्षकी शाळेत कपाट एक आणि त्यात गोष्टींची पुस्तकं पन्नास-साठ. वाचणारं मूल ती एका सत्रात संपवतं आणि पुढची तीन वर्षं तीच पुस्तकं बघत राहतं. दहा शाळांनी प्रत्येकी साठ वेगळी पुस्तकं घेतली आणि ती एकमेकींत फिरवली, तर त्याच पैशात प्रत्येक मुलाच्या वाट्याला सहाशे पुस्तकं येतात. पेटीचं सगळं बळ या एका हिशेबात आहे.

पेटी आली म्हणून शाळेचं स्वतःचं कपाट मात्र बंद ठेवू नका. त्याचं कुलूप काढा, पुस्तकं खाली मुलांच्या हाताला येतील अशी मांडा. वर्गात आडवी दोरी बांधून त्यावर पुस्तकं उघडी टांगली तरी चालतं.

ही कल्पना कुणाची?

आपल्या भागात तिचा मोठा मान बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे जातो. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाळा सुटल्यावर हाती पुस्तक पडलं नाही तर शिकलेलं विसरलं जातं, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास आणलं. मध्यवर्ती ग्रंथालयासोबत एक फिरता विभाग उभा राहिला. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या खेड्यांत पाठवल्या जात, आणि वाहतुकीचा खर्च संस्थान उचलत असे. गावात पेटी ठेवून घेणारा बहुधा शाळेचा मास्तरच असे. आज केंद्रशाळेतून, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या गटातल्या मुख्य शाळेतून, पेटी निघते तेव्हा तिच्यामागे शंभरहून अधिक वर्षांची वाट असते.

पुढे १९३१ मध्ये तमिळनाडूतल्या मन्नारगुडी परिसरात बैलगाडीवरून फिरतं ग्रंथालय सुरू झालं. त्याच वर्षी एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची आपली पाच सूत्रं ग्रंथरूपात मांडली. पुस्तकं वापरासाठी आहेत, हे त्यातलं पहिलं.

एका पेटीत किती पुस्तकं? किती शाळांत फिरवायच्या? किती दिवसांनी?

आपल्याकडे केंद्र हे एकक सोयीचं आहे. एका केंद्रात साधारण दहा-बारा शाळा असतात, केंद्रप्रमुख सगळ्यांना ओळखतात आणि दरमहा शिक्षण परिषदेला शिक्षक एकत्र येतातच. पेट्यांची अदलाबदल त्याच दिवशी ठेवली की वाहतुकीचा वेगळा खर्च होत नाही. प्रत्येक शाळा आपली पेटी घेऊन येते आणि दुसरी घेऊन जाते.

लहान शाळेसाठी पेटीत साठ पुस्तकं पुरेशी. पट साठच्या वर असेल तर दोन पेट्या द्या. याहून मोठी पेटी केली तर ती दुचाकीवर बसत नाही आणि उचलायला दोन माणसं लागतात. मग ती उचललीच जात नाही.

मुक्काम चार ते सहा आठवडे ठेवावा. पंधरा दिवसांत पेटी हलवली तर भित्री मुलं पुस्तकाला हात लावायच्या आतच ती निघून जाते. पहिल्या आठवड्यात धीट मुलंच पुस्तकं नेतात, बुजरी मुलं नुसती बघतात. त्यांची पाळी तिसऱ्या आठवड्यात येते, आणि पेटी खरी त्यांच्यासाठी आहे. उलट तीन महिने ठेवली तर उत्साह ओसरतो.

पेट्यांना क्रमांकाऐवजी नावं द्या. मुलांनीच ठेवली तर फारच छान. ‘पळस पेटी’ कधी येणार हे मुलं स्वतःहून विचारू लागतात.

पुस्तकं कुठली घ्यावीत?

इथे वेळ खर्च करा. पेटीचं भवितव्य खरेदीच्या दिवशीच ठरतं.

साठांपैकी निम्मी पुस्तकं मोठ्या चित्रांची आणि थोड्या मजकुराची असावीत, कारण पहिली-दुसरीची आणि वाचनात मागे राहिलेली मुलं मिळून शाळेचा मोठा भाग होतो. पाच-सहा पुस्तकं बिनशब्दांची, केवळ चित्रांची ठेवा. पंधराएक थोड्या लांब गोष्टींची, आणि उरलेली माहितीची, कवितांची, कोड्यांची, विज्ञानाच्या प्रयोगांची. गमतीच्या कवितांना मुलं जितकी चिकटतात तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला चिकटतात, तरी याद्यांमधून त्या हमखास गळतात.

मराठीत चांगली बालपुस्तकं नाहीत ही तक्रार मला पटत नाही. ज्योत्स्ना प्रकाशन गेली कित्येक दशकं देखणी बालपुस्तकं काढत आहे. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका स्वस्त आणि टिकाऊ आहे. प्रथम बुक्स, तूलिका यांची मराठी पुस्तकं मिळतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक पेटीत टाकले तर पाचवीच्या पुढची मुलं त्यांचा फडशा पाडतात.

घेताना प्रत्येक पुस्तक स्वतः मोठ्याने वाचून पाहा. जिभेवर अडखळणारी वाक्यं, ओढूनताणून केलेलं भाषांतर, शेवटच्या पानावर तात्पर्य: यातलं काही आढळलं तर पुस्तक खाली ठेवा. मग चित्रं बघा. त्यातली घरं, कपडे, चेहरे सगळे शहरीच आहेत का? सगळ्या गोष्टींत आई स्वयंपाकघरात आणि बाबा पेपर वाचताना आहेत का? धनगरवाड्यावरच्या किंवा कोळीवाड्यातल्या मुलाला पेटीत कुठेतरी स्वतःसारखं मूल दिसायला हवं.

थोर पुरुषांची चरित्रं जरूर ठेवा, पण साठांत चार-पाच पुरे. संस्कारासाठी म्हणून पेटी चरित्रांनी आणि बोधकथांनी भरली की ती पाठ्यपुस्तकांची दुसरी रांग होऊन बसते.

लोक जुनी पुस्तकं दान देतात. ती घ्यावीत का?

निवडून घ्या, आणि नको असलेली नम्रपणे परत करा. जुन्या स्पर्धापरीक्षेची मार्गदर्शकं, मोठ्यांच्या कादंबऱ्या, अर्धी पानं गेलेली मासिकं ‘गावातल्या मुलांना चालतील’ या भावनेने दिली जातात. गावातल्या मुलांना चांगलंच चालतं. दात्याला पुस्तकांची यादी द्या आणि त्यातली दोन नवी घेऊन द्यायला सांगा. बहुतेक जण आनंदाने देतात.

मुलांना अजून वाचताच येत नाही. गोष्टीचं पुस्तक देऊन काय उपयोग?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्यामागची काळजी खरी आहे. ग्रामीण मुलांना वाचता-लिहिता किती येतं हे तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलं त्या पातळीच्या अलीकडे होती.

पण ‘आधी वाचायला येऊ दे, मग पुस्तक देऊ’ या क्रमात मूल अडकून पडतं. अक्षरं जोडण्याचा कंटाळवाणा भाग ते कशासाठी सोसेल? पुढे गोष्ट आहे हे ठाऊक असेल तरच. ज्या मुलाने मोठ्या माणसाच्या तोंडून पन्नास गोष्टी पुस्तकातून ऐकल्या आहेत, त्याला पुस्तकी मराठीची वळणं कानाने कळलेली असतात. ‘एके काळी’, ‘इतक्यात’, ‘तेवढ्यात काय झालं’ हे शब्द पानावर दिसले की ते अर्धे ओळखूनच घेतं.

म्हणून न वाचणाऱ्या मुलाला पुस्तक आधी द्या. बिनशब्दांच्या पुस्तकात त्याला कुणीच चूक ठरवू शकत नाही. चित्रं पाहून ते गोष्ट सांगतं, क्रम लावतं, पुढे काय होईल याचा अंदाज बांधतं, आणि हे सगळं वाचनच आहे. त्यानंतर एका पानावर एक ओळ असलेली पुस्तकं द्या. तीच ओळ थोड्या फरकाने परत परत येणारी पुस्तकं सर्वांत उपयोगी, कारण तिसऱ्या पानापर्यंत मुलाला ओळ पाठ होते आणि बोट शब्दांवर फिरू लागतं.

अक्षरओळख, बाराखडी, जोडाक्षरं यांचं शिकवणं सोबत चालूच राहील. पेटी त्याची जागा घेत नाही.

पुस्तकांची पातळी कशी ठरवायची?

एनसीईआरटीची ‘बरखा’ ही चाळीस पुस्तिकांची हिंदी मालिका चार पातळ्यांत विभागलेली आहे. रूम टू रीड संस्था हिरव्यापासून पिवळ्यापर्यंत सहा रंग वापरते. तुमच्या पेटीला तीन पुरेत. पुस्तकाच्या कण्यावर रंगीत टिकली चिकटवा.

टिकली शिक्षकाच्या सोयीसाठी असते, मुलाला अडवण्यासाठी ती वापरू नका. ‘तू लाल टिकलीचं घेऊ नकोस, तुला नाही जमणार’ हे वाक्य वर्गात उच्चारलं जाऊ नये. डायनासोरच्या वेडापायी तिसरीचं पोर सातवीचं पुस्तक घरी नेत असेल तर नेऊ द्या.

ग्रंथालयाच्या तासिकेत नेमकं काय करायचं?

आठवड्यातून एक तास पक्का करा. शनिवारची सकाळ बहुतेक शाळांना जमते. तासाचे साधारण तीन भाग पडतात.

सुरुवातीला पंधरा मिनिटं शिक्षकाने मोठ्याने वाचावं. आदल्या दिवशी पुस्तक स्वतः वाचलेलं असावं, म्हणजे कुठे थांबायचं ते कळतं. मुलं अर्धवर्तुळात जवळ बसलेली, पुस्तक त्यांच्याकडे वळवलेलं, चित्र प्रत्येकाला दिसेल असं. मुखपृष्ठ दाखवून लेखक आणि चित्रकार यांची नावं सांगा. मध्ये एक-दोन ठिकाणी थांबून ‘आता काय होईल?’ विचारा. गोष्ट संपली की गप्प बसा. लगेच ‘यातून आपण काय शिकलो?’ विचारलं की गोष्टीचा धडा होतो. मुलांना जे बोलायचं ते ती आपणहून बोलतील, तेवढी जागा ठेवा.

मग वीसएक मिनिटं ज्याला जे हवं ते वाचू द्या, एकट्याने किंवा जोडीने. या वेळात शिक्षकानेही पुस्तक वाचावं. दप्तराची कामं या वीस मिनिटांत नकोत, ही माझी आग्रहाची विनंती आहे. मोठं माणूस स्वतःसाठी वाचत बसलंय, हे दृश्य पुष्कळ मुलांना दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

शेवटी देवघेव.

त्याच गोष्टीची पुन्हा मागणी आली तर पुन्हा वाचा. चौथ्यांदा आली तरी वाचा.

पुस्तक घरी द्यायचं का? फाटलं किंवा हरवलं तर?

घरी द्या. यावर दुमत ठेवू नका. घरी न जाणारं पुस्तक अर्धं काम करतं.

पुस्तक घरी न देण्यामागे शिक्षकांची भीती असते, आणि ती समजून घ्यायला हवी. दप्तर तपासणीत एक पुस्तक कमी भरलं तर प्रश्न विचारले जातात, बदली झाली की पदभार देताना प्रत्येक प्रत मोजून द्यावी लागते, आणि मग कपाटाला कुलूप घालणं हा सुरक्षित मार्ग ठरतो. ही भीती एकट्या शिक्षकाच्या अंगावर टाकून चालणार नाही. पेटी सुरू करण्याआधीच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या: वर्षाला पेटीतली काही पुस्तकं वापराने फाटतील, काही हरवतील, ती दरवर्षी रीतसर निर्लेखित केली जातील, म्हणजे नोंदीतून कमी केली जातील, आणि याचा बोजा शिक्षकावर किंवा मुलावर पडणार नाही. ठरावाची प्रत पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. आकडाही आधीच धरा, साठांत सहा गेली तर जाऊ द्या.

मुलाकडून दंड घेऊ नका. दंड बसला की सर्वांत आधी गरीब घरातलं मूल पुस्तक न्यायचं थांबतं, आणि आई-वडीलच त्याला ‘नको आणूस घरी’ म्हणतात. पुस्तक फाटलं तर मुलालाच सोबत घेऊन दुरुस्त करा. डिंक, पातळ कागद, जाड सुई आणि दोरा एवढं सामान पेटीत ठेवा. मुलं हे काम फार मनापासून करतात, आणि स्वतः शिवलेलं पुस्तक जपतात.

एक निरीक्षण नोंदवून ठेवतो. वर्षाअखेर पेटीतली सर्वांत मळलेली पुस्तकं कोणती ते बघा. पुढच्या खरेदीची यादी तिथेच तयार मिळते.

देवघेवीची नोंद कोण ठेवणार? शिक्षकांवर आधीच कामं फार आहेत.

मुलं ठेवतील. चौथी-पाचवीतली दोन मुलं महिनाभर ग्रंथपाल, पुढच्या महिन्यात दुसरी दोन. शंभर पानी वहीत तारीख, नाव, पुस्तकाचा क्रमांक, परत आल्याची खूण: चार रकाने पुरेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नावापुढे आपलं ठरलेलं चित्र काढावं, मासा, पतंग, काहीही.

ऑनलाइन अर्ज, रोजचे फोटो, समाजमाध्यमावरचा अहवाल मागू नका. असं मागायला लागलं की वेळ त्यातच जातो.

वाचल्यावर सारांश लिहून घ्यावा का? जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस द्यावं का?

दोन्हीला माझं उत्तर नाही असंच आहे. सारांशाच्या धाकाने मुलं पातळ पुस्तकं निवडतात. बक्षिसासाठी पानं उलटली जातात आणि आकडे फुगतात, मागे पडलेलं मूल आणखी मागे सरकतं. त्याऐवजी दोन मिनिटांची पुस्तक-ओळख ठेवा: एखाद्या मुलाने उभं राहून ‘हे पुस्तक घ्या, कारण...’ एवढंच सांगायचं. त्या पुस्तकासाठी लगेच रांग लागते. १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, शाळांत वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी भाषणांऐवजी अशा ओळखी ठेवल्या तर दिवस सार्थकी लागतो.

आमच्या मुलांची घरची भाषा वेगळी आहे. मराठी पुस्तकं त्यांना कळत नाहीत.

मेळघाटात कोरकू, अक्राणीत पावरी, भामरागडकडे माडिया. अशा शाळांत पहिलीच्या मुलासाठी पुस्तकी मराठी ही नवी भाषाच असते. तिथे पेटीत बिनशब्दांची पुस्तकं दुप्पट ठेवा. गावातली एखादी ताई किंवा आजी आठवड्यातून एकदा शाळेत येऊन तीच चित्रं दाखवत आपल्या भाषेत गोष्ट सांगेल, असं बघा. मग तीच गोष्ट शिक्षकाने मराठीत सांगावी. मुलं दोन्ही भाषांमध्ये ये-जा करू लागतात.

त्याहून मोलाचं काम म्हणजे पुस्तकं तयार करणं. आजीने सांगितलेली गोष्ट मोठ्या मुलांनी देवनागरीत तिच्याच भाषेत लिहायची, खाली मराठी, वर मुलांची चित्रं, आणि दोऱ्याने शिवायची. ही हस्तलिखितं पेटीत इतर पुस्तकांच्या बरोबरीने, त्याच क्रमांकाने ठेवा. दुसऱ्या शाळेत ती पोचतात तेव्हा तिथली मुलं आपलीही काढायला बसतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिला आहे. त्याची सुरुवात अशा शिवलेल्या पुस्तकापासून होऊ शकते.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचं काय?

दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, अहिल्यानगर, धाराशिव भागांतून टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. जी मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात, त्यांच्यासाठी पेटी संध्याकाळी तिथे न्या. आई-वडिलांशिवायच्या त्या संध्याकाळी फार लांब असतात.

जी मुलं सोबत जातात त्यांना निघताना पाच-सहा पुस्तकांची झोळी द्या, आणि ती कायमची द्या. परत मागू नका. कोपीवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीत, पाऊस, धूर, चिखल सगळं असतं. पुस्तकं परत आणण्याच्या ओझ्याने मूल ती नेणारच नाही. यासाठी स्वस्त पुस्तकांचा वेगळा साठा ठेवा. कारखान्याच्या परिसरात तळ कुठे पडतो हे मुकादमाकडून कळलं, तर तिथल्या शाळेशी बोलून पेटी तळावर नेता येते.

सहावी ते आठवीची मुलं ‘ही लहान मुलांची पुस्तकं’ म्हणून हात लावत नाहीत.

यात दोन गट असतात. चांगलं वाचणाऱ्यांना खरोखरच मोठी पुस्तकं हवी असतात: साहस, रहस्य, अवकाश, क्रिकेट, शेतीतले प्रयोग. ती द्या, वर्तमानपत्रही द्या.

दुसरा गट अडखळत वाचणाऱ्यांचा. सोपं पुस्तक हातात दिसलं तर लाज वाटते म्हणून ते पुस्तकच टाळतात. त्यांना काम द्या: दर शनिवारी पहिलीच्या मुलांना एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची. आता सोपं पुस्तक घरी नेणं ही जबाबदारी ठरते. चिमुकल्यांसमोर फजिती नको म्हणून ती मुलं घरी चार-चार वेळा सराव करतात. पेटीच्या कामात इतका गुण देणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही.

मुलींबद्दलही सांगायला हवं. घरी गेल्यावर पाणी, भांडी, धाकटं भावंड यांत त्यांची संध्याकाळ जाते. त्यांच्यासाठी शाळेतला वाचनाचा वेळ वाढवा. मधल्या सुट्टीत पेटी उघडी ठेवली तरी फरक पडतो.

पालकांना वाचता येत नाही. ते कशी मदत करणार?

ऐकून. मूल वाचतं आणि आजी चुलीपाशी ऐकते, एवढं पुरेसं आहे. पालकसभेत हे स्पष्ट सांगा, कारण आपल्याला वाचता येत नाही म्हणजे आपलं इथे काही काम नाही असं अनेक आयांना वाटतं. सभेतच एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. मोठी माणसंही रमतात.

खर्च किती? पैसे कुठून आणायचे?

दहा शाळा, प्रत्येकी साठ, म्हणजे सहाशे पुस्तकं. सरासरी ऐंशी रुपये धरले तर ४८,००० रुपये, आणि पेट्यांचे वेगळे. शाळांचं ग्रंथालय अनुदान, ग्रामपंचायत, माजी विद्यार्थी आणि लोकवर्गणी यांतून एका केंद्राला हे पेलतं. मात्र सगळे पैसे पहिल्याच वर्षी संपवू नका. दरवर्षी पेटीत दहा नवी पुस्तकं यायलाच हवीत, नाहीतर तिसऱ्या वर्षी ती शिळी होते.

मोबाईलवर फुकट गोष्टी आहेत. पुस्तकं कशाला विकत घ्यायची?

आहेत, आणि त्या वापराव्यात. प्रथम बुक्सचं २०१५ मध्ये सुरू झालेलं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ मुक्त परवान्याखाली शेकडो मराठी गोष्टी देतं. त्या छापून, शिवून पेटीत ठेवता येतात. ‘किशोर’चे जुने अंकही ऑनलाइन वाचायला मिळतात. पण घरातला एकच मोबाईल दिवसभर वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर असतो, आणि हाती आलाच तर गोष्टीपाशी थांबणं मुलाला अवघड जातं. लहान मुलांच्या हातात कागदाचं पुस्तकच द्या.

पावसाळ्यात पुस्तकं कशी सांभाळायची?

पेटी जमिनीवर ठेवू नका, दोन विटांवर फळी टाकून त्यावर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर लांब. तळाशी कडुलिंबाची वाळलेली पानं घाला. डांबरगोळ्या टाळा, लहान मुलं त्या तोंडात घालतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये अदलाबदल थांबवली तरी चालेल. उघडीप मिळाली की पुस्तकं सावलीत वाऱ्यावर पसरा. पेटी बंद ठेवण्यापेक्षा रोज उघडणं हाच कसर आणि वाळवीवरचा चांगला उपाय आहे.

मी शिक्षक नाही. आठवड्यातून एक तास देऊ शकतो. माझा काही उपयोग होईल का?

नक्की होईल. मुख्याध्यापकांना भेटा, शाळेच्या वेळात येणार असाल तर त्यांची आणि केंद्रप्रमुखांची संमती घ्या. पहिले दोन आठवडे नुसते मागे बसा, मुलांची नावं शिका. मग एक गोष्ट वाचा.

शिकायची इच्छा असेल तर चालू काम बघून या. गोव्यात ‘बुकवर्म’ ही संस्था २००५ पासून शाळांत आणि वस्त्यांवर पुस्तकं घेऊन जाते, तिथे मुलांशी पुस्तकाबद्दल कसं बोलतात हे पाहण्यासारखं आहे. पुण्या-मुंबईत ‘डोअर स्टेप स्कूल’चं वस्त्यांमधलं काम आहे. सातारा जिल्ह्यातलं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून उभं आहे. तिथे घराघरांत मांडलेली पुस्तकं मुलांना दाखवायला सहल न्यावी.

आणि जो वार ठरवाल तो मोडू नका. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी शाळेत निरोप पाठवा, आणि त्या दिवशी वाचायचं पुस्तक कुठल्या मोठ्या मुलाने वाचून दाखवायचं तेही कळवा.